हवाई छत्रीची शिल्पकार : केटे पाउलुसबाई

थोरांची चरित्रे म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे राजे, सेनापती, साधुसंत आणि पंडित उभे राहतात. जिने आयुष्यभर सुईदोरा हाती धरला अशा एका स्त्रीचे नाव त्या मालिकेत यावे, हे पुष्कळांस नवल वाटेल. परंतु आज जगात जो जो मनुष्य पॅराशूटच्या आधाराने विमानातून सुखरूप भूमीवर उतरतो, त्या प्रत्येकाच्या पाठीवरील पिशवीत एका जर्मन शिंपिणीच्या बुद्धीचा काही ना काही अंश घडी होऊन बसलेला असतो. तिचे नाव कॅटरिना पाउलुस. तिचे देशबांधव तिला केटे या लाडक्या नावाने ओळखीत. ज्या दुःखाने दुसरे कोणीही खचून गेले असते, त्या दुःखातूनच या बाईने इतरांचे प्राण वाचविण्याची विद्या काढली. म्हणून तिचे चरित्र विद्यार्थ्यांनी वाचण्यासारखे आहे, आणि त्यांच्या मातापितरांनीही मनन करण्यासारखे आहे.

पाउलुसबाईंचा जन्म २२ डिसेंबर १८६८ रोजी जर्मनीतील हेसन प्रांतात, त्सेलहाउझन नावाच्या खेड्यात झाला. घराणे काही नामांकित नव्हते. पोटापाण्याचा उद्योग म्हणून केटे शिवणकाम शिकली. शिवणकाम हा मुलींचा वेळ घालविण्याचा धंदा होय अशी समजूत आपल्याकडेही अजून आढळते. पण ज्याने एखादी गोधडी मन लावून शिवली आहे, त्यास ठाऊक असते की ही विद्या डोळ्याला आणि बुद्धीला केवढी शिस्त लावते. कापड कोणत्या अंगाने ताणते, शिवणीचा जोर कोठे पडतो, टाका सैल राहिला तर फाटण्यास कोठून आरंभ होईल, दोऱ्यास पीळ बसला तर गाठ कशी पडते, या साऱ्या गोष्टी शिंप्यास हातानेच कळतात. केटेच्या हातांनी हे ज्ञान लहान वयात मिळविले, आणि पुढे तेच ज्ञान तिला आकाशात उपयोगी पडले.

त्या काळी विमाने नव्हती. परंतु माणसाने आकाशात जाण्यास आरंभ करून शंभर वर्षे लोटली होती. १७८३ साली फ्रान्स देशात बलूनमधून माणसे प्रथम वर गेली. वर जाणे साधले, तेव्हा खाली सुखरूप कसे यावे हा प्रश्न उभा राहिला. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी आंद्रे-झाक गार्नरँ या फ्रेंच गृहस्थाने पॅरिस शहरावर बलूनखाली टांगलेली मोठी कापडी छत्री मोकळी सोडवून घेतली आणि तिच्या आधाराने तो खाली उतरला. छत्रीच्या माथ्याशी हवेस वाट नव्हती, त्यामुळे ती घड्याळाच्या लंबकाप्रमाणे भयंकर हेलकावे खात होती. पुढे माथ्याशी भोक ठेवल्यावर तो दोष पुष्कळ कमी झाला. दोन वर्षांनी, १७९९ मध्ये, झान लाब्रोस या तरुणीने अशीच उडी घेतली. स्त्रियांमध्ये ती पहिली. पण सर्वांचेच दैव असे धड नव्हते. १८३७ साली रॉबर्ट कॉकिंग नावाचा इंग्रज आपल्या नव्या घडणीच्या पॅराशूटसह लंडनजवळ पडून मरण पावला. आपल्या देशातही हे साहस लवकरच येऊन पोचले. १८८९ साली स्पेन्सर नावाच्या इंग्रज बलूनवाल्याने हिंदुस्थानात येऊन प्रयोग केले, आणि पुढच्याच वर्षी रामचंद्र चटर्जी या बंगाली कसरतपटूने कलकत्त्यास बलूनमधून पॅराशूटने उतरून दाखविले.

याच सुमारास जर्मनीत केटेची गाठ हेर्मान लाटेमान या बलूनवाल्याशी पडली. तो गावोगाव बलून उडवी, आणि लोकांच्या देखत पॅराशूटने खाली येई. बलून म्हणजे कापडाचीच प्रचंड पिशवी. ती फाटे, उसवे, विरे. ती सांधण्यास चांगल्या शिवणकाराची गरज असे. केटे हे काम करू लागली. बलूनची शिवण, पॅराशूटचे पाकळीसारखे तुकडे, त्यांच्या कडांना बांधलेले दोर हे सर्व तिच्या हाताखालून जाऊ लागले. दोघांचा वाङ्निश्चय झाला. केवळ खाली उभी राहून दुसऱ्याच्या प्राणांसाठी टाके घालणे तिच्या स्वभावास रुचेना. ज्या वस्तूवर आपण दुसऱ्यास विश्वास ठेवावयास सांगतो तिच्यावर आपणही विश्वास ठेवला पाहिजे, असाच जणू तिचा विचार असावा. १८९३ साली तिने प्रथम बलूनमधून आकाशगमन केले आणि त्याच वर्षी पॅराशूटने उडीही घेतली. त्या वेळी ती अवघी चोवीस वर्षांची होती.

एक वर्षही पुरते सुखात गेले नाही. १७ जून १८९४ या दिवशी क्रेफेल्ड शहरी दोघांचा प्रयोग होता. लोक हजारोंनी जमले होते. त्या दिवशी लाटेमानचे पॅराशूट उघडले नाही. ज्याने तोलून धरावयाचे ते साधन लटकत राहिले, आणि केटेच्या डोळ्यांदेखत तो जमिनीवर आदळून गतप्राण झाला. जो पुरुष थोड्याच काळात तिचा पती व्हावयाचा, त्याचे प्रेत तिला पाहावे लागले. उभयतांस एक लहान मुलगा होता. तोही पुढच्याच वर्षी घटसर्पाने दगावला. पोटचे मूल आणि जन्माचा सोबती अशा रीतीने वर्ष-दीड वर्षात दोन्ही गेले. या आघाताने ती खंगली. कित्येक महिने तिने बलूनचे नावही काढले नाही.

येथे वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. अशा प्रसंगी माणसापुढे साधारणतः दोन वाटा असतात. एक, ज्या गोष्टीने आपला घात केला तिच्याकडे पुन्हा ढुंकून पाहावयाचे नाही; आणि दुसरी, दैवास दोष देत, जणू काही घडलेच नाही अशा बेपर्वाईने पूर्वीचाच क्रम पुढे चालवावयाचा. पाउलुसबाईंनी तिसरीच वाट धरली. त्या पुन्हा बलूनवर चढल्या खऱ्या, परंतु पॅराशूट का उघडत नाही हा प्रश्न मनाशी घेऊन चढल्या. मरण ईश्वराच्या हाती आहे यात शंका नाही. तथापि दोर गुंतणे, कापड चिकटून बसणे आणि गाठ न सुटणे या गोष्टी माणसाच्या हाती आहेत, आणि ज्या आपल्या हाती आहेत त्यांचा दोष देवावर ढकलणे हे श्रद्धेचे लक्षण नव्हे. बाईंच्या पुढील सर्व आयुष्याकडे पाहिले असता हेच तत्त्व त्यांनी आचरणात आणले असे म्हणावयास हरकत नाही.

पुढील वीस वर्षे त्यांनी मिस पॉली या नावाने गावोगाव प्रयोग केले. पाचशेहून अधिक वेळा त्या बलूनमधून वर गेल्या आणि शंभराहून अधिक वेळा पॅराशूटने खाली उतरल्या. जत्रेतील खेळ म्हणून लोक तो पाहावयास येत, पैसे देत आणि टाळ्या वाजवीत. त्यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग म्हणजे दुहेरी उडी. बाई बलूनपासून सुटत. पहिली छत्री उघडे आणि लोक सुटकेचा निःश्वास टाकीत. इतक्यात बाई ती उघडलेली छत्री आपल्या हातानेच तोडून टाकीत आणि पुन्हा दगडासारख्या खाली येऊ लागत. गर्दीत हाहाकार उडे. तोच दुसरी छत्री उघडे आणि बाई हलकेच जमिनीवर पाय टेकीत. पाहणाऱ्यांस ही केवळ छाती दडपविणारी करमणूक वाटे. परंतु तिच्या पोटात एक मोठा विचार होता. एका छत्रीने दगा दिला तर तिला टाकून देता आले पाहिजे, आणि तिला टाकून दिल्यावर दुसरी तयार असली पाहिजे. लाटेमानापाशी दुसरी छत्री नव्हती, हे येथे आठवावे.

याहूनही मोठे काम त्यांनी घडी घालण्याच्या बाबतीत केले. पूर्वी पॅराशूट बलूनला उघडेच टांगलेले असे. त्याचे कापड वाऱ्याने फडफडे, दोर एकमेकांत अडकत, पावसाने भिजून ते जड होई, आणि उडी घेणाऱ्यास आपल्या डोक्यावर काय गुंता झाला आहे हे कळण्यास मार्ग नसे. पाउलुसबाईंनी पॅराशूट व्यवस्थित घडी घालून पिशवीत भरण्याची रीत बसविली. प्रथम सर्व दोर सरळ करून त्यांतील पीळ काढावयाचा, मग कापडाच्या पाकळ्या एकीवर एक अशा क्रमाने रचावयाच्या, आणि तो सर्व गठ्ठा अशा रीतीने बांधावयाचा की ओढ बसताच तो क्रमाक्रमाने सुटत जावा. आपल्याकडे राहाटाचा दोर वेटोळे करून ठेवताना शहाणी गृहिणी तो असा ठेवते की घागर विहिरीत सोडताना वरचे वेटोळे आधी सुटावे. जो मुलगा तो दोर कसाही गोळा करून फेकतो, त्याची घागर अर्ध्यावर लटकते. तत्त्व एकच. फरक इतकाच की विहिरीशी गुंता सोडवावयास सारी सकाळ पडलेली असते, आणि आकाशात काही क्षण तेवढे मिळतात.

१९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले आणि जत्रेतील खेळ संपले. दोन्ही पक्षांच्या सैन्यांत शत्रूच्या हालचाली टेहळण्यासाठी दोराने बांधलेली बलूने उंच चढविलेली असत. त्यांत अत्यंत ज्वालाग्राही असा हायड्रोजन वायू भरलेला असे. शत्रूच्या विमानाने गोळ्या झाडल्या की बलून पेट घेई, आणि टोपलीत उभ्या असलेल्या टेहळ्यास पळावयास जागा नसे. अशा माणसांसाठी पाउलुसबाईंची पिशवीत घडी घातलेली पॅराशूटे उपयोगास आली. टेहळ्याच्या अंगाशी पट्टे बांधलेले असत. त्याने उडी टाकली की त्याच्याच वजनाने पॅराशूट पिशवीतून बाहेर ओढले जाई. बाईंनी बर्लिन येथे राहून युद्धकाळात सुमारे सात हजार पॅराशूटे तयार करविली. त्या कामाबद्दल १९१७ साली त्यांस सरकारातून पदक मिळाले. त्या युद्धात कोणता पक्ष न्यायाचा होता याचा खल येथे करण्याचे कारण नाही. लक्षात ठेवावयाचे ते एवढेच की, ज्या चार वर्षांत युरोपातील बहुतेक कारखाने माणसे मारण्याची साधने ओतीत होते, त्या चार वर्षांत या बाईंच्या हाताखाली माणूस वाचविण्याचे साधन शिवले जात होते.

युद्ध संपले. जर्मनीत पैशाची किंमत इतकी उतरली की १९२३ साली जन्मभराची पुंजी कागदाच्या चिटोऱ्यासारखी झाली. पाउलुसबाईंनी कष्टाने साठविलेले द्रव्य असेच नाहीसे झाले. २६ जुलै १९३५ रोजी बर्लिन येथे, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. एके काळी ज्यांच्या नावाने मैदाने भरत, त्यांचे अखेरचे दिवस साधेपणाने आणि ओढग्रस्तीत गेले. श्रीमंती त्यांनी मागे ठेवली नाही. परंतु घडी घालण्याची एक पद्धत आणि दुसऱ्या छत्रीचा विचार त्यांनी मागे ठेवला, आणि तो जगाने टाकून दिला नाही.

त्यांच्या हयातीतच इतरांनी ही विद्या पुढे नेली. अमेरिकेत जॉर्जिया ब्रॉडविक नावाची अगदी ठेंगणी तरुणी होती; लहानपणी तिने कापसाच्या गिरणीत काम केले होते. १९१४ साली ती सैन्याच्या अधिकाऱ्यांपुढे विमानातून उड्या घेऊन दाखवीत असता पॅराशूट ओढून काढणारा दोर विमानाच्या शेपटीत अडकला. ती न घाबरता मोकळी झाली, आणि पुढच्या उडीस तिने तो दोर तोडून आखूड केला व योग्य वेळी स्वतःच्या हाताने ओढून पॅराशूट उघडले. तेव्हापासून विमानास बांधलेल्या दोरावाचूनही उडी घेता येते हे सिद्ध झाले. १९१९ मध्ये लेस्ली अर्विन या अमेरिकन तरुणाने अशीच उडी घेऊन ही रीत पक्की केली. १९४४ साली ब्रह्मदेशच्या लढाईत रेशमी पॅराशूटांचा तुटवडा पडला, तेव्हा सैन्यास रसद टाकण्यासाठी कलकत्त्याच्या तागाच्या कापडाची पॅराशूटे करण्यात आली. गरज पडली म्हणजे पोत्याचा तागसुद्धा आकाशातून अन्न उतरवू शकतो, हे त्या वेळी आपल्या देशाने जगास दाखविले.

आता आजच्या पॅराशूटची रचना थोडक्यात सांगितली असता पाउलुसबाईंच्या कार्याचे मोल अधिक स्पष्ट होईल. पूर्वीची छत्री वाटोळी असे. ती वाऱ्याबरोबर जाईल तिकडे माणसास जावे लागे. आज हौसेने उड्या घेणाऱ्यांचे पॅराशूट बहुधा चौकोनी असते. उशांच्या ओळीप्रमाणे त्यात कप्पे असतात. पुढच्या तोंडातून हवा भरली की ते पंखासारखे ताठ होते. त्याच्या मागच्या कडेस उजवीकडे व डावीकडे एकेक सुकाणूदोर बांधलेला असतो आणि त्याच्या टोकास हातात धरावयाची मूठ असते. हे दोन दोर म्हणजे बैलजोडीचे कासरेच होत. उजवा ओढला की पॅराशूट उजवीकडे वळते, डावा ओढला की डावीकडे. दोन्ही एकदम ओढले की वेग मंदावतो आणि माणूस हळुवार जमिनीवर उतरतो. आमच्या बाभुळगावच्या रस्त्याने कापसाची गाडी हाकणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही. एकच कासरा ताणून बांधला गेला तर गाडी एकाच अंगास गरगर फिरेल हे तो जाणतो.

आकाशातही नेमके तेच घडते. घडी घालताना दोन्ही सुकाणूदोर थोडे ओढून अडकवून ठेवावे लागतात, म्हणजे पॅराशूट उघडताना ते पुढे झेपावत नाही. त्यांपैकी एकाची अडकण उघडण्याच्या धक्क्याने आपोआप सुटली आणि दुसऱ्याची तशीच राहिली, तर जी बाजू अडकलेली राहिली तिकडे पॅराशूट फिरू लागते. अशा वेळी दोन्ही मुठी धरून खाली ओढाव्या, म्हणजे दुसरी अडकणही सुटते आणि गाडी मार्गावर येते. कधी सुकाणूदोराचा सैल राहिलेला फास कशात तरी गुंततो. कधी पीळ बसलेल्या दोरांची गाठ पडते आणि कापडाचा एक कोपरा खाली ओढला जातो. कधी एखादा दोर कापडावरून पलीकडे जातो आणि पंख दुमडतो. तर कधी झिजलेला दोर तुटूनच जातो. पॅराशूटच्या सर्व दोरांत सुकाणूदोर अधिक झिजतात, कारण ते कडीतून वारंवार घासत असतात. काही जातींचे कृत्रिम दोर तर घर्षणाच्या उष्णतेने आखूडही होतात, आणि मग मूठ न ओढताच पॅराशूटला लगाम बसल्यासारखे होते.

या सर्व संकटांवरचा पहिला उपाय जमिनीवरच करावयाचा असतो. दोर एकेक करून तपासावा; मुठीजवळ, कडीजवळ आणि शिवणीजवळ झीज दिसली तर तो बदलावा. सुकाणूदोरांतील पीळ प्रत्येक उडीनंतर काढावा. दोन्ही अडकणी सारख्याच बसल्या आहेत ना हे पाहावे, आणि उरलेला सैल दोर नेटका खोचून ठेवावा. कोणी बोलावीत असले किंवा घाई करीत असले तरी अर्धी घडी टाकून उठू नये. उठावेच लागले तर परत येऊन पहिल्यापासून आरंभ करावा. दुसरा उपाय आकाशात करावयाचा असतो. पॅराशूट उघडताच वर पाहावे. ते चौकोनी आहे का, वळविले तर वळते का, आणि थांबविले तर थांबते का, हे तीन प्रश्न विचारावे. उत्तर होकारार्थी नसेल तर थोडा प्रयत्न करावा, पण ठरलेल्या उंचीखाली प्रयत्न करीत बसू नये. सदोष पॅराशूट तोडून टाकावे आणि राखीव पॅराशूट उघडावे. तोडून टाकावयाचे आणि दुसरे उघडावयाचे, हीच मिस पॉलीची दुहेरी उडी होय. जत्रेत जिला लोकांनी खेळ म्हटले, तीच आज प्रत्येक शिकाऊ उमेदवारास जीव वाचविण्याचा पहिला धडा म्हणून शिकवितात.

राखीव पॅराशूटची घडी तर कोणासही घालू देत नाहीत. त्यासाठी परीक्षा दिलेला, परवाना मिळालेला कारागीर लागतो. अमेरिकेत असा नियम आहे की, राखीव पॅराशूट एकदाही वापरले नसले तरी १८० दिवसांच्या आत ते उघडून, तपासून पुन्हा घडी घातली गेली पाहिजे. घडी घालणारा कारागीर चिठ्ठीवर तारीख टाकतो, सही करतो आणि दोऱ्यास शिशाची मोहोर लावतो. ज्या माणसाचा जीव त्या घडीवर अवलंबून राहावयाचा, त्याची आणि त्या कारागिराची कदाचित कधी गाठही पडणार नाही. तरीही ती सही म्हणजे एका माणसाने दुसऱ्यास दिलेले वचनच होय.

या विद्येत आपला महाराष्ट्रही मागे राहिलेला नाही. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशच्या युद्धात टांगाईलजवळ पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण उतरली आणि तिने पुंगली येथील पूल ताब्यात घेतला. ही पलटण मूळची मराठा पलटण होय. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर आणि २००६ साली दक्षिण ध्रुवावर उडी घेतली, आणि २०१८ मध्ये थायलंड देशात नऊवारी लुगडे नेसून त्या आकाशातून उतरल्या. ज्या लुगड्याचा पदर वाऱ्याच्या एका झुळकीने उडतो, ते नेसून विमानातून उडी घ्यावयाची तर ते किती काळजीने चापून बसवावे लागले असेल आणि पॅराशूटच्या मुठींपासून किती दूर ठेवावे लागले असेल, याची कल्पना आपल्या माताभगिनींस सहज येईल. साहस आणि सावधपणा ही दोन जुळी भावंडे आहेत. एकाला घरी ठेवून दुसऱ्याने बाहेर पडावयाचे नसते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी फारच थोड्यांच्या वाट्यास विमानातून उडी घेण्याचा प्रसंग येईल. पण ज्याच्या भरवशावर दुसरा निर्धास्त राहील असे काम तुम्हां प्रत्येकाच्या हाती केव्हा ना केव्हा येणार आहे. कोणी विजेची तार जोडील, कोणी औषधाची पुडी बांधील, कोणी पुलाच्या खांबासाठी सिमेंट कालवील, कोणी मोटारीचा ब्रेक दुरुस्त करील. ते काम करताना कोणी पाहणारा नसेल. एक फेरा चुकविला, एक खिळा सैल ठेवला तर त्या दिवशी कोणास कळणारही नाही. पुढे कधीतरी, कोठेतरी, ज्याची आपली ओळखही नाही अशा माणसाचा सर्व भार त्या एका जागेवर येईल, आणि तेव्हा आपण केलेले काम खरे की खोटे ते ठरेल. अल्पशा गोष्टीत जो विश्वासू राहतो तोच मोठ्या गोष्टीस पात्र होतो, ही शिकवण आपण प्रार्थनेच्या वेळी ऐकतो. पाउलुसबाईंनी ती सुईच्या टोकावर आचरून दाखविली.

आणि पालकांस एक विनंती. मुलीच्या हाती सुई दिली म्हणजे तिचे पाऊल घरापुरते बांधले असे समजू नका, आणि मुलाच्या हाती सुई देण्यात कमीपणाही मानू नका. खेड्यातील एका शिंपिणीची सुई आकाशापर्यंत पोचली, आणि तिने शिवलेल्या कापडाने असंख्य लोकांना त्यांच्या आयांकडे सुखरूप परत आणले. आपल्या मुलामुलींनी उंच जावे ही इच्छा प्रत्येक आईबापास असते. त्यांस उंच जाण्याचे धैर्य द्या, आणि त्याबरोबरच निघण्यापूर्वी प्रत्येक दोर आपल्या हाताने तपासण्याची सवयही लावा.